भुरी तलावातला पारा

शामकला शहारे भुरीटोल्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचर आहे. सकाळी कुलूप उघडायचं, आवार झाडायचं, बुजणाऱ्या गाईला खोड्यात उभं करायचं, डॉक्टरांच्या हातात मागतील ती वस्तू द्यायची, आणि एखादं जनावर मेलं तर ते फाडून आतलं दाखवायचं, ही तिची कामं. हे शेवटचं काम कुठल्याही सरकारी कागदावर तिच्या नावानं लिहिलेलं नाही. पण चोवीस वर्षांत इथं सात डॉक्टर आले नि गेले, त्यातल्या पाचांनी सुरी सरळ तिच्या हातात दिली. आधी ही नोकरी तिच्या नवऱ्याची, रत्नपालची होती. तो गेल्यावर अनुकंपेवर तिला मिळाली. माहेर कामठ्याचं, शिक्षण नववीपर्यंतचं, आणि स्वभाव असा की जे डोळ्यांनी दिसलं ते बोलल्याशिवाय तिला राहवत नाही.

गाईच्या पोटातून तिनं किती प्लॅस्टिकची पन्नी काढली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. लग्नाच्या पंगतीतल्या पत्रावळींची पन्नी, दुधाची, खताच्या पोत्याची, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटायची. कोठीपोटात या सगळ्याचा एक घट्ट गोळा होतो आणि गाय समोर हिरवा चारा असूनही झुरून मरते. एकदा असा एक गोळा तिनं धुऊन, वाळवून दवाखान्याच्या ओसरीत टांगून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून. त्या वेळच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तो उतरवायला लावला. जिल्ह्याचे साहेब येणार होते, आणि साहेबांना असलं बघायला आवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता बंगालच्या उपसागरात वादळ उठलं आणि त्याचं शेपूट गोंदियापर्यंत आलं. तीन दिवस वारा नि पाऊस. कापायला आलेला धान बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, आडवा झाला. चौथ्या दिवशी सकाळी इंद्रकुमार शेंडे दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून दवाखान्यात आला. इंद्रकुमार म्हणजे गावच्या ढिवर मंडळींच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. भुरी तलावावर त्याच्या तीन पिढ्या गेल्या.

त्यानं दुपट्टा टेबलावर सोडला. "बदक नोहोय, बगळा नोहोय," तो म्हणाला. "चाळीस वर्सं मी या पाण्यावर हावो, पण असं पाखरू नाई पायलं."

पाखरू तपकिरी होतं. पंख लांब आणि अरुंद, चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, आणि चोचीच्या वर दोन बारीक नळ्या. पाय असे की त्याला धड उभंही राहता येईना. डॉक्टर तेव्हा भूमिका कटरे होत्या. गोंदियाच्याच, वय तिशीच्या आत, नोकरी कंत्राटी. त्यांनी फोटो काढून नागपूरच्या एका पक्षी जाणणाऱ्या माणसाला पाठवला. तासाभरात त्या गृहस्थांचा फोन आला. हा पक्षी भर समुद्रावरचा, ते म्हणाले. जमिनीवर येतो तो फक्त अंडी घालायला. खारं पाणी पितो आणि मीठ त्या नळ्यांमधून टाकून देतो. वादळानं त्याला उचललं आणि पाचशे किलोमीटर आत आणून सोडलं.

शामकलानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. मुंबईला ती एकदा गेली होती, सहा डिसेंबरला, चैत्यभूमीवर. समुद्र तिथून चार पावलांवर होता, पण गर्दीत तिला दिसली ती माणसांची डोकीच. आता समुद्रच जणू तिच्या टेबलावर येऊन पडला होता आणि धापा टाकत होता. तिनं इंद्रकुमारकडून बोटाएवढ्या मासोळ्या मागून घेतल्या आणि चोच हलकेच उघडून एक आत सोडली. पाखरानं ती गिळली आणि थोड्या वेळानं ओकून टाकली. मासोळीबरोबर नखाएवढा निळा तुकडा बाहेर पडला. तिनं तो बोटांत धरून दाबला. वाकला नाही.

"मॅडम, हे प्लॅस्टिक आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाखरू मेलं. रीत म्हणून डॉक्टरांनी वनखात्याला कळवलं. वनरक्षक आला, पंचनामा केला, आणि हा पक्षी आमच्या वनक्षेत्राच्या यादीत नाही तेव्हा तुम्हीच काय ते बघा, असं त्यात लिहून गेला. मग भूमिकामॅडमनी हातमोजे चढवले आणि शामकलानं सुरी घेतली.

छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं. मांस नावालाही उरलं नव्हतं. आणि पोट मात्र टच्च. शामकलानं ते पांढऱ्या ट्रेमध्ये उघडून पाण्यानं धुतलं, तर एकेक वस्तू सुटी होऊ लागली. बाटलीचं टोपण, अर्धं. फुग्याची सुतळी. टूथब्रशच्या दांड्याचा तुकडा. पांढरे, पिवळे, निळे, कशाचे ते ओळखू न येणारे तुकडे. सगळे मिळून एक्केचाळीस. अन्नाचा कण नाही. भरल्या पोटानं उपाशी मेला होता, अगदी तिच्या गाईंसारखा.

गाय तरी उकिरड्यावर चरते, तिला वाटलं. हा जीव कुठं गेला होता उकिरड्यावर? याला तर माणूस दिसतही नसेल. ज्यानं आयुष्यात एक घर पाहिलं नाही, त्याच्या पोटात घराघरातला कचरा. भूमिकामॅडमना ती म्हणाली, "गाईचं फाडताना मालकाचा राग येते. याच्या मालकाले कुठं शोधायचं?"

त्याच आठवड्यात तलावाच्या कडेला फेकून दिलेल्या तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या, जाळ्यात एक पाणकावळा अडकून मेला. इंद्रकुमारनंच तो आणून दिला, काहीशा ओशाळ्या चेहऱ्यानं, कारण जाळं संस्थेच्याच कोणाचं तरी होतं. शामकलानं तोही फाडला. आत दोन मासोळ्या आणि खर्ऱ्याची पन्नी. इंद्रकुमारच्या गालात त्या वेळीही खर्रा होता. तो उठून बाहेर गेला, थुंकून आला, आणि पुन्हा बसला.

भूमिकामॅडमची एक मैत्रीण नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायची, तिच्याकडे तपासणीची यंत्रं होती. समुद्राच्या पक्ष्यांमध्ये प्लॅस्टिकबरोबर पाराही सापडतो, कोळसा जाळला की धुरातून तो हवेत जातो, पाण्यात पडतो, माशांत उतरतो आणि माशांवर जगणाऱ्याच्या अंगात साठत जातो, असं तिनं सांगितलं. तेव्हा दोन्ही पक्ष्यांची कलेजी आणि पिसं बर्फात घालून तिच्याकडे पाठवली. समुद्राचा पक्षी तपासायचा म्हणून, आणि गावचा पाणकावळा नुसता तुलनेला. पार्सलवर नाव-पत्ता शामकलानं लिहिला आणि आमगावच्या स्टेशनवर जाऊन ते स्वतः ओळखीच्या माणसाच्या हातात दिलं.

पाच आठवड्यांनी निकाल आला. समुद्राच्या पक्ष्यात पारा होता. गावच्या पाणकावळ्यात त्याच्या तिप्पट होता.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मैत्रिणीला फोन करून नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, असं विचारलं. झाली नव्हती. शामकला समोर उभी होती. पारा म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून जनावरांचा थर्मामीटर फुटला होता आणि फरशीवर चांदीचे मणी पळाले होते. ती ते ओंजळीत गोळा करू लागली तेव्हा त्या वेळचे म्हातारे डॉक्टर ओरडले होते, हात लावू नको, विष आहे ते. एका थर्मामीटरला एवढा ओरडा, आणि इथं अख्खा तलाव. आला कुठून?

रविवारी ती तलावाला मिळणाऱ्या नाल्याच्या कडेनं वर चालत गेली. अर्ध्या कोसावर जुन्या भातगिरणीच्या जागेत टिनाचं शेड होतं. चंद्रकुमार नावाच्या कंत्राटदाराचं. गावात सगळ्यांना माहीत होतं की तिथं भंगाराचं काम चालतं, पण कसलं भंगार हे कोणी विचारलं नव्हतं. शामकलानं मागच्या बाजूनं पाहिलं. नाल्याच्या उतारावर पांढऱ्या काचेचा ढीग, पुरुषभर उंच. जळालेल्या ट्यूबलाइटी. एलईडी आल्यापासून चार जिल्ह्यांतल्या ऑफिसांतून, शाळांतून, कारखान्यांतून निघालेल्या लाखो ट्यूबा इथं येत होत्या. आत बायका त्या फोडत होत्या. टोकाची पितळ नि ॲल्युमिनियम एका पोत्यात, काच एकीकडे, आणि आतली पांढरी भुकटी झाडून थेट नाल्यात. तोंडाला पदर. हातात काही नाही.

त्यात सुशिलाबाई होती. शामकलाच्याच मोहल्ल्यातली, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. शामकलानं तिला बाहेर बोलावून विचारलं की किती दिवस झाले. तिसरं वरीस, ती म्हणाली. शेती रोवण्यापुरती आणि कापणीपुरती, बाकी वर्षभर हेच काम, गावातल्या बारा बायकांना. ट्यूबेच्या भुकटीतही पारा असतो, हे म्हाताऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं शामकलाला आठवलं आणि तिनं ते तिला सांगितलं. सुशिलाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की ट्यूबीत कुठं पारा असते, त्यात तर उजेड असते.

शामकलानं तक्रार लिहिली. भूमिकामॅडमनी भाषा सुधारून दिली. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तहसीलला, एक प्रदूषण बघणाऱ्या खात्याला. दीड महिन्यानं त्या खात्याचा एक माणूस मोटारसायकलवरून आला. शेडकडे गेलाच नाही. तलावाच्या पाळीवर उभं राहून, सांडव्याच्या बाजूचं, सगळ्यात स्वच्छ दिसणारं पाणी त्यानं दोन बाटल्यांत भरून घेतलं. निकाल आला, पाण्यात पारा आढळला नाही.

भूमिकामॅडम त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेल्या दिसल्या. पारा पाण्यात तरंगत बसत नाही, त्या सांगत होत्या. गाळात बसतो, गाळातल्या किड्यात जातो, किड्याला बारीक मासोळी खाते, तिला मोठी मासोळी खाते, मोठीला पाणकावळा खातो, आणि दर पायरीला तो वाढतो. पाणी तपासून काय होणार? त्यांनी हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

आणि गावातच तोंडं फिरली. तलावातल्या मासोळीत विष आहे अशी बातमी आमगावच्या बाजारात पोचली आणि भुरीची मासोळी घ्यायला गिऱ्हाईक मागेपुढे पाहू लागलं. इंद्रकुमार दवाखान्याच्या फाटकात उभा राहून बोलून गेला. पाखरं मरून राहिली होती तर मरू द्यायची होती, मी तुझ्याकडे आणली हेच माझं चुकलं, असं काहीसं. शामकलाला त्याचा राग येत नव्हता. राग येत होता तो दोन बाटल्या घेऊन गेलेल्या माणसाचा. एवढा पगार, एवढं शिक्षण, आणि सरळ समोर दिसणाऱ्या काचेच्या डोंगराकडे त्यानं मान वळवून बघितलं नाही. तिच्यासारखी नववी शिकलेली बाई बघू शकते, तर त्याच्या डोळ्यांना काय झालं होतं? तिनं पुन्हा तक्रार लिहिली, आणि ग्रामसभेत विषय घ्यावा असा अर्ज दिला. सरपंचांनी तो दोनदा मागे ठेवला. तिसऱ्यांदा भूमिकामॅडम स्वतः जाऊन बसल्या तेव्हा विषय यादीत आला, सगळ्यात शेवटचा.

सभा शाळेच्या पटांगणात होती. चंद्रकुमार आधीच येऊन पुढच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या हातात पाण्याचा निकाल होता. तो उठून शांतपणे बोलला. रिपोर्ट साफ आहे, मी पण याच मातीतला माणूस आहे, चार बायांना काम दिलं हा गुन्हा असेल तर सांगा. आणि शेवटी शामकलाकडे बघून म्हणाला, "एक चिड़िया के पीछे बारा घरों का चूल्हा बुझाओगे क्या, बाई?"

लोक हसले. शामकला उभी राहिली. तिनं समुद्राच्या पाखराचं सांगितलं, पाणकावळ्याचं सांगितलं, नाल्याचं सांगितलं. पण तिला जाणवत होतं की शब्द कोणाच्या कानात शिरत नाहीत. मागं बसलेले लोक घरी जायच्या तयारीत होते आणि ग्रामसेवकानं हजेरीचं रजिस्टर सह्यांसाठी बायकांच्या बाजूला पाठवलं होतं.

रजिस्टर सुशिलाबाईजवळ गेलं आणि थांबलं. तिनं शाईची डबी मागितली. शामकला बोलता बोलता थबकली. सुशिलाबाई चौथी शिकलेली, गावातल्या बचत गटाची पहिली अध्यक्ष. अंगठा लावणाऱ्या बायकांना सही शिकवायला हीच घरोघर फिरली होती.

"सुशिलाबाई, सही काऊन नाई केली?" शामकलानं विचारलं.

सुशिलाबाईनं मान खाली घातली. "हात आयकत नाई वो."

"दाखव बरं."

सुशिलाबाईनं हात पुढं केला. तो थरथरत होता. दुसऱ्या हातानं तिनं तो दाबून धरला, तर दुसराही थरथरू लागला. मग तिच्या शेजारच्या बाईनं, रुक्माबाईनं, कोणी न विचारताच आपला हात पुढं केला. मग तिसरीनं. बारापैकी नऊ जणी तिथं होत्या, आणि त्यातल्या पाचजणींचे हात स्थिर राहत नव्हते. एकीनं सांगितलं की हिरड्यांतून रक्त येते. दुसरी म्हणाली, सुई ओवता येत नाही, वाटलं डोळे गेले. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपलं एकटीचंच, वयाचं आहे.

भूमिकामॅडम उठल्या आणि एवढंच बोलल्या, की या बायकांना उद्याच्या उद्या नागपूरला तपासायला न्यायला हवं.

चंद्रकुमार काही बोलणार होता, पण त्याच्या आधी इंद्रकुमार उभा राहिला. "बाजाराचं मंग पाहू," तो म्हणाला. "तलावातली मासोळी आधी आमच्या घरी शिजते. आमचे लेकरं खातेत. आमाले आमची मासोळी तपासून पायजे." आणि शामकलाकडे न बघता खाली बसला.

ठराव झाला, शेड बंद करायचा. हात वर करणाऱ्यांत सरपंचही होते, कारण आता तसं न करणं अवघड होतं.

शेड बंद झालं, पण ते ठरावानं नव्हे. चंद्रकुमारनं स्वतःच दोन ट्रक आणले, पितळ नि ॲल्युमिनियमची पोती भरली, पत्रेसुद्धा काढून नेले आणि निघून गेला. काच आणि भुकटी तिथंच सोडली. आठवड्यानं तो मोटारसायकलवाला माणूस पुन्हा आला. या वेळी जागेवर गेला आणि लिहून गेला, की स्थळावर कोणताही उद्योग आढळून आला नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. ते पत्र शामकलानं दवाखान्याच्या पायरीवर वाचलं. ढिगाऱ्याशेजारी उभं राहून कोणी असं कसं लिहू शकतं? पुढचा पाऊस आला की सगळं खाली तलावात. ढीग उद्योग करत नाही, म्हणून तो नाहीच?

मॅडमच्या मैत्रिणीनं नागपूरहून बजावलं होतं की भुकटीला कोणी हात लावू नका, झाडू तर मुळीच फिरवू नका. तेव्हा इंद्रकुमारच्या संस्थेच्या माणसांनी ढिगाऱ्यापासून अंतर ठेवून नाल्याच्या बाजूनं मातीची पाळ घातली, वरून ताडपत्री ओढून दगड ठेवले. मे महिन्याच्या उन्हात चार दिवस ते काम चाललं. पाळीवर एकदा दोघं समोरासमोर आली तेव्हा इंद्रकुमारनं तिला विचारलं, की त्या समुद्राच्या पाखराचं काय केलं. पुरलं, दवाखान्यामागं, ती म्हणाली. तो मान हलवून "हव" म्हणाला आणि घमेलं उचललं. त्याच्या गालात त्या दिवशी काही नव्हतं. नंतर ऑगस्टमध्ये, पावसाळा अर्धा सरल्यावर, कोणत्या तरी वरच्या साहेबांच्या सहीनं बंद गाड्या आल्या आणि ढीग उचलून घेऊन गेल्या. तोवर पाळ दोनदा फुटली होती आणि दोनदा बांधली होती.

नागपूरला पाठवलेल्या मासोळीचा निकालही आला. बारीक मासोळीत पारा थोडा, मोठ्या मरळीत जास्त. तलावातली मोठी मरळ धरायची नाही, खायची नाही, विकायची नाही, असं संस्थेनं ठरवलं. किती वर्षं, ते कोणी सांगू शकलं नाही. सुशिलाबाईच्या रक्तात-लघवीत पारा निघाला. शेडपासून दूर राहिली की उतरेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. थोडा उतरलाही. सहीच्या जागी लावायचा अंगठा मात्र अजून सुटलेला नाही.

शामकलाला मात्र कारणे दाखवा नोटीस मिळाली. शासकीय दवाखान्यातील नमुने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बाहेर पाठवल्याबद्दल. भूमिकामॅडमना नोटीस देण्याची गरज पडली नाही, त्यांचं कंत्राट पुढं वाढवलंच नाही. जायच्या दिवशी त्यांनी उत्तर लिहून देऊ का विचारलं, तेव्हा शामकला म्हणाली, या वेळी मीच लिहितो. तिनं लिहिलं:

"महोदय, पाणकावळा शासकीय नव्हता. समुद्राचा पक्षी आपल्या कार्यक्षेत्रातला नव्हता, असे वनखात्याने लेखी दिले आहे. दोघांनाही मरताना कोणाची परवानगी मिळाली नव्हती. नमुने मी पाठवले. पुन्हा पक्षी मेला तर पुन्हा पाठवीन."

त्या उत्तरावर अजून निर्णय झालेला नाही. तिची एक वेतनवाढ अडवून ठेवली आहे.

दिवाळीनंतर सुशिलाबाईच्या बहिणीनं फोन करून सांगितलं, की तिच्या गावाजवळ, तीस-पस्तीस किलोमीटरवर, विटाभट्टीच्या जुन्या जागेत ट्यूबा फोडायचं काम निघालं आहे आणि बायांना बोलावणं येऊन राहिलं आहे. मालक कोण, तर चंद्रकुमार. पुढच्या रविवारी शामकला आणि सुशिलाबाई पहिल्या एसटीनं तिथं गेल्या. सरपंचाच्या घरी ओट्यावर बसल्या. सरपंचानं विचारलं, तुम्ही कुठल्या खात्याच्या? शामकलानं मासोळीच्या नि सुशिलाबाईच्या तपासणीच्या निकालांच्या झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं की त्या विटाभट्टीचं पाणी उतरून कुठं जातं. सरपंचानं ते कागद उचलून वाचायला घेतले. मग त्यानं आतल्या मुलीला हाक मारली आणि दोघींना चहा सांगितला. चहा येईपर्यंत सुशिलाबाईनं आपले हात पदराखालून काढून मांडीवर ठेवले, त्याला दिसतील असे.